बरी झाले तर पिशवी बंद

डॉक्टरीणबाईंनी मला औषधाच्या चिठ्ठीवर भाजी लिहून दिली. थट्टा नाही. जिथे गोळ्यांची नावं असतात तिथेच, तसल्याच मुंगीच्या पायांच्या अक्षरात: पालेभाजी तीन जुड्या, कडधान्य दीड किलो, अंडी बारा, गाजर, कोबी, मिळेल ते फळ. दर गुरुवारी. खाली सही आणि शिक्का. मी विचारलं, "जेवणाआधी घ्यायची की नंतर?" बाई हसल्या नाहीत. बाहेर बाकावर माझ्यासारख्या अजून तीस जणी बसलेल्या होत्या.

माझी साखर तेव्हा नऊ पॉइंट चार होती. ही एका दिवसाची साखर नव्हे, तीन महिन्यांची. बोटातून थेंब काढून बघतात ती साखर फसवता येते, आदल्या रात्री उपाशी झोपलं की झालं. ही दंडातून रक्त काढून बघतात आणि तीन महिन्यांत काय काय गिळलं ते सगळं तिथे उमटलेलं असतं. शेजारणीसारखी असते ही तपासणी. काही म्हणजे काही विसरत नाही.

दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये पिशव्या मिळायच्या. त्या वाटणाऱ्या बाईला आम्ही सगळ्या पिशवीताई म्हणायचो. तिचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते कायम उलटं फिरलेलं. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला रांगेत बसवून नियम सांगितले. ज्याच्या नावाची पिशवी, त्यानेच खायची. साखर सातच्या खाली आली की माणूस बरा झाला, पिशवी बंद, कारण मागे नंबर लावून लोक उभे आहेत. आणि साखर उतरायच्या ऐवजी चढली, तर पिशवी दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात जाते असं समजून चौकशी.

"म्हणजे बरं व्हायचं, पण फार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे बरं व्हायचं," पिशवीताई म्हणाली. "ही भाजी नाही मावशी, औषध आहे. औषध कुणी वाटून खातं का?"

त्याच महिन्यात आमच्या पलीकडच्या खोलीतल्या शिवणवालीचं कार्ड रद्द झालं. तिने अंडी नातवंडांना दिली होती. नातवंडंच ती, रस्त्यावर ओरडत गेली, "आजीची औषधाची अंडी!"

माझ्या बाबतीत मात्र सगळं सुरळीत चाललं. मी धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर आहे. दिवसभर हॉटेलांच्या चादरी. एक चादर चार जणी पकडतात आणि वाफेच्या रुळात घालतात, बाहेर येते ती कडक. आठ तास उभं राहून घरी आलं की हाताला लागेल ते खायची सवय. पाव, भात, भाताबरोबर पाव. आता पिशवी यायला लागल्यावर मी शिकले. पालेभाजीची देठं फेकायची नाहीत, बारीक चिरून डाळीत टाकायची. कोबीचा आतला दांडा किसायचा. कडधान्य भिजवून मोड आणले की दीड किलोचं अडीच होतं, ही एकमेव जादू मला येते. आमचे हे म्हणायचे, "तू खा गं, मला भात बास." हे आयुष्यभर एका कचेरीत लिफ्ट चालवायचे. मग लिफ्ट आपली आपण चालायला लागली आणि हे घरी बसले, गुडघे धरून. दिवसभर तीनशे लोकांना वर नेऊन आपण मात्र तळमजल्यावरच राहिलो, असं स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

तीन महिन्यांनी माझी साखर सात पॉइंट एक आली. पिशवीताईने टाळ्या वाजवल्या. "अजून थोडं, मावशी. पुढच्या वेळी सुटलात!"

त्याच्या पुढच्याच मंगळवारी आमची ठकी घरी आली.

ठकी आमची एकुलती एक. हातात एकच कापडी पिशवी, पोटात चार महिन्यांचं. दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी जेवलेले नाही." नमस्कार नाही, रडणं नाही. जेवलेले नाही.

आमचे जावई एका कारखान्याच्या गोदामात कारकून आहेत. दिवसभर खिळे आणि बोल्ट मोजतात आणि घरी येऊन बटाटे. मारझोड नाही, दारू नाही, चारचौघांत बोलायला तर साखर. पण सकाळी कामावर जाताना ठकीला दिवसाचं काढून द्यायचे. दोन बटाटे, वाटीभर तांदूळ, एक कांदा. बाकीचं कपाटात. "नासाडी होते" म्हणून. तिने एकदा जास्तीचं अंडं मागितलं तर म्हणाले, "कालचं कुठे गेलं?" ती मला हे सांगताना चक्क हसली. म्हणाली, "आई, काल खाल्लेल्या अंड्याचा मी काय पुरावा देणार?"

मी तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिचं रक्त कमी निघालं, खूपच कमी. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं: पालेभाजी, कडधान्य, रोज दोन अंडी, फळ. जणू माझीच चिठ्ठी कुणी तिच्या नावावर उतरवली होती. आता गरोदर बायकांसाठी वेगळी पिशवी असते, माझ्यापेक्षा भरलेली. पण तिचं कार्ड तिच्या घरच्या पत्त्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर. इकडे आणायचं तर फॉर्मवर कर्त्या माणसाची सही लागते. कर्ता माणूस म्हणजे जावई.

"मी नाही जाणार त्याच्याकडे सही मागायला," ठकी म्हणाली. "आज सही मागेन, उद्या अंडं. मग परत तिथेच."

मी म्हटलं, "नको जाऊस. मी आहे ना."

माझ्या पगारात खोलीचं भाडं, यांच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि तांदूळ एवढंच बसतं. त्यामुळे "मी आहे ना" याचा अर्थ "माझी पिशवी आहे ना" असाच होता. ते तिलाही कळलं. तिचं बाळंतपण पाच महिन्यांवर. तोपर्यंत पिशवी टिकवायची आणि ठकीला त्या माणसाच्या दारात जावं लागू द्यायचं नाही, एवढंच माझं गणित.

गणित सोपं वाटलं. पिशवीतलं ठकीला द्यायचं, म्हणजे तिचं रक्त वाढेल. मी पाव-भातावर राहायचं, म्हणजे माझी साखर सातच्या खाली जाणार नाही आणि पिशवी चालू राहील. एका दगडात दोन पक्षी. पक्षी मारायची सवय नसली की माणसाला असलं सोपं वाटतं.

घरी मी सांगायचे, "मी कामावर खाऊन आले." कामावर सांगायचे, "घरी खाऊन आले." दोन्हीकडे माझं पोट भरलेलं. मधल्या सुट्टीत फाटकाशी गाडीवाला गोड पाव विकतो, तो घ्यायचे. स्वस्त, आणि दुपारपर्यंत पोटात दगडासारखा बसतो.

माझ्या शेजारी कॉलरवाली असते. ती फक्त शर्टांच्या कॉलरी दाबते, वीस वर्षं. तिची मान वाकडी झालीय पण नजर सरळ. एके दिवशी म्हणाली, "काय गं, साखरवाल्या बाईला गोड पाव?"

"सातच्या वर राहायचंय मला."

"कितीवर?"

"साडेसात बास."

ती इतकी हसली की कॉलरीला चुणी पडली. "अगं, रक्ताला इस्त्रीसारखी चकती असते का? सुतीवर ठेव, रेशमीवर ठेव? तू काय सांगशील त्याला, बाबा रे साडेसातवर थांब?"

मी म्हटलं, "तू तुझी कॉलर बघ."

पण तिचं बोलणं मनात राहिलं. रात्री पायाला मुंग्या यायच्या. पाणी पिऊन पिऊन जीव जायचा. मग एखाद्या दिवशी घाबरून मी वाटीभर मोड खायचे, आणि लगेच वाटायचं, हे ठकीच्या वाटचं खाल्लं. माझ्याच नावाची पिशवी, आणि मीच तिच्यातली चोर.

ठकी मात्र भरत चालली होती. डोळ्यांच्या खालच्या पापणीत लाली आली. ती मला म्हणायची, "आई, तू पण घे ना," आणि मी म्हणायचे, "मी खाल्लं," आणि ती माझ्याकडे बघत बघत खायची. आमच्या खोलीत जागाच एवढी की ताटावरून नजर उचलली की दुसऱ्याच्या तोंडावरच पडते. हे भिंतीकडे तोंड करून भात खायचे. त्यांना सगळं कळत होतं. लिफ्टमधल्या माणसाला बोलायची नाही, फक्त ऐकायची सवय असते.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. आठ पॉइंट सहा.

पिशवीताईने या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. कागद बघितला, मला बघितलं. "मावशी, शनिवारी दुपारी घरी येते मी. तुमच्या जेवणाच्या वेळी."

"कशाला त्रास?"

"त्रास नाही, फॉर्म आहे."

शनिवारी ती आली. मी सकाळपासून स्वयंपाक केला होता. पिशवीतलं सगळं, जेवढं म्हणून एका ताटात मावेल तेवढं. पालेभाजी घातलेली डाळ, गाजराचे काप, मोड, दोन उकडलेली अंडी. हे भिंतीशी, ठकी पलंगाच्या कडेला. पदर पुढे ओढून बसली होती, जसं काही सात महिन्यांचं पोट पदराने झाकलं जातं.

"ही कोण?" पिशवीताईने विचारलं.

"मुलगी. सहज आलीय भेटायला."

"जेवली का ती?"

"जेवले मी," ठकी म्हणाली. ती जेवलेली नव्हती. एवढी भाजी दोघींना पुरणार कुठून?

"बसा मग मावशी, तुम्ही सुरू करा."

आणि मी जेवले. तिघं समोर होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडात अख्खं अंडं गेलं. ठकी माझ्या हाताकडे बघत नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती, पण प्रत्येक घासाला तिचा गळा हलायचा. मला वाटलं, घास अडकेल. नाही अडकला. घासाला काय, तो खाली जातो. डाळ चवीला इतकी सुरेख झाली होती की मला रडू आलं, आणि पिशवीताईने विचारलं, "तिखट झालंय का?"

जाताना दारात ती थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, मी काय आंधळी नाही. तिला सातवा ना?"

मी पदराला हात पुसले.

"मी हे लिहिलं तर कार्ड रद्द होतं. आणि नाही लिहिलं तर आठ पॉइंट सहाचं उत्तर माझ्याकडे मागतात. आता मी एकच करू शकते. पिशवीच्या ऐवजी ताट लिहिते."

"म्हणजे?"

"केंद्रावर येऊन जेवायचं. रोज दुपारी एक वाजता, आमच्यासमोर, सही करून. घरी काही न्यायचं नाही. एक दिवस चुकलात तर नाव कमी." मग ठकीकडे मान वळवून म्हणाली, "आणि तिची एक सही आणा हो. एका सहीचा तर प्रश्न आहे. तिला तुमच्यापेक्षा मोठी पिशवी मिळेल."

तिने माझ्यावर उपकारच केले होते. म्हणून तर मला तिला शिव्याही देता येईनात.

सोमवारपासून मी ताटावर बसायला लागले. कारखान्यातून पाच मिनिटांवर केंद्र. मालकीणबाई कुरकुरल्या, पण डॉक्टरांचा कागद बघून गप्प झाल्या. लांब टेबल, स्टीलची ताटं, आम्ही सहा-सात जण, सगळे चढलेल्या साखरेचे. कुणी कुणाला विचारत नाही की तुझी पिशवी घरी कुणी खाल्ली. एक म्हातारे फक्त म्हणाले, "नवीन? या. इथे शाळेसारखं आहे, डबा मात्र नाही आणायचा."

पहिल्याच दिवशी मी अंडं रुमालात गुंडाळून ओच्यात सरकवलं. वाढणारी बाई माझ्या मागेच उभी होती. वाकून माझ्या कानात म्हणाली, "तिथे ठेवू नका. मागच्या महिन्यात एकीने ठेवलं, दारात पडलं, आणि बालंट माझ्यावर आलं." मग ती तिथेच उभी राहिली, ओळखीची हसत, मी ते अंडं काढून खाईपर्यंत.

घरी ठकी आता यांच्याबरोबर भात-पावावर आली. मी पगारातून अंडी आणायचा प्रयत्न केला. सहा आणली तर यांच्या गोळ्या राहिल्या. गोळ्या आणल्या तर अंडी राहिली. दहा-बारा दिवसांत तिच्या पापणीतली लाली पुसल्यासारखी गेली. एकदा मोरीशी चक्कर येऊन बसली. उठून म्हणाली, "आई, मी उद्या जाते सहीला."

"उद्या नको, रविवारी. मी येते बरोबर."

"रविवारी तो आईकडे असतो. त्याची सुट्टी दुपारी एक ते दोन. तेव्हाच गोदामाच्या फाटकाशी गाठेन, घरी नाही जाणार."

एक ते दोन. माझं ताट.

"एक दिवस नाही गेले मी तर..."

"तर नाव कमी होईल. आई, तू आजारी पडलीस तर हे बाळ मी कुणाच्या हातात देऊ?"

हे म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

"तुम्ही नको, बाबा. तो तुम्हाला खुर्ची देईल, चहा देईल, गुडघ्यांची चौकशी करेल. येताना तुम्हीच मला म्हणाल, माणूस काही वाईट नाही."

हे परत भिंतीशी जाऊन बसले, कारण तसंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी टेबलाशी बसले. पुढ्यात मसूर, कोबी, दोन अंडी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होते. आता ती गोदामाच्या फाटकाशी असेल. आता तो हात पुसत बाहेर आला असेल. उठावंसं वाटलं. उठून कुठे जाणार होते? बस पोचायला तास लागतो. म्हातारे म्हणाले, "बाई, गार होतंय." मी जेवले. ताट स्वच्छ केलं, सही केली आणि परत येऊन अडीचशे चादरी रुळातून काढल्या.

संध्याकाळी ठकी पलंगावर बसलेली. फॉर्म मांडीवर, कोरा.

"नाही म्हणाला?"

"नाही कशाला म्हणेल? गोडच बोलला. म्हणाला, पत्ता कशाला बदलायचा, तू काय कायमची गेलीयस? कार्ड माझ्याकडे आहे. दर गुरुवारी ये, मी सुट्टीत येतो, दोघं जाऊन पिशवी घेऊ. तुझीच पिशवी आहे, मी काय अडवतो का."

"मग?"

"मग काय. परवा गुरुवार आहे."

मी तिला जाऊ नको म्हणणार होते. तोंडही उघडलं. पण नको म्हटल्यावर पुढे "मी आहे ना" म्हणावं लागतं, आणि आता माझ्याकडे माझ्या एकटीच्या पोटापुरतं ताट होतं, तेही जागेवर बसून खायचं.

पहिल्या गुरुवारी ती पाचला परत आली, भरलेली पिशवी घेऊन. अंडी, दूध, पालेभाजी, फळं. मी लगेच शिजवलं, ती पोटभर जेवली, मी शेजारी बसून बघितलं. तो आठवडा बरा गेला. दुसऱ्या गुरुवारी सहाला आली. तिसऱ्या गुरुवारी दिवे लागले तरी नाही. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. आली तेव्हा पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बसच मिळाली नाही."

मी पालेभाजी निवडली, डाळ चढवली, चार अंडी उकडली. हेही आज भिंतीकडे तोंड न करता बसले. मी तिघांची ताटं घेतली आणि तिच्यापुढे पहिलं सरकवलं.

"मला नको, आई. मी जेवून आले."

"कुठे?"

तिने बोटाने पलंगाच्या चादरीवरची चुणी सरळ केली. "तिकडेच. त्याने वाढलं. म्हणाला, एवढ्या लांब जातेस, रिकाम्या पोटी नको." मग म्हणाली, "दोन अंडी वाढली. मी मागितली नव्हती."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला बरं वाटलं होतं. ते लपवायचा ती प्रयत्न करत होती, जशी मी केंद्रावरून आल्यावर करायचे.

"तुझं काय आई, तू बस."

"मी दुपारी जेवले ना. रात्री एवढं नको म्हणालीय डॉक्टरीण."

तिने आपलं ताट बापाकडे सरकवलं. मी माझ्यातलं अंडं त्यात ठेवलं. यांच्यापुढे एवढं कधीच आलं नव्हतं. यांना ना साखर, ना गर्भ. यांच्या नावाचं कुठे कार्ड निघत नाही. हे ताटाकडे बघत राहिले, मग आमच्या दोघींकडे.

"एवढं मी एकट्याने खायचं?"

"खा," मी म्हटलं. "पालेभाजी उद्यापर्यंत टिकत नाही."

हे खायला लागले, हळूहळू, पाहुण्यासारखे.

मधेच मान वर न करता म्हणाले, "ठके, पुढच्या गुरुवारी परत येशील ना गं?"

"येईन की, बाबा," ठकी म्हणाली, आणि त्यांना पाणी द्यायला उठली.